बंदीच्या दिवसांतले केस

होड्या वर ओढून माडाच्या झापांखाली झाकल्या, की आमच्या किनाऱ्यावरच्या बायकांना स्वतःचं डोकं आठवतं. एरवी ते मासळीच्या पाटीचं असतं. वर्षभर त्यावर म्हावरं बसतं, आणि पावसात दर्या बंद असतो तेवढे दिवस त्यावर तेल बसतं. त्यांना आम्ही बंदीचे दिवस म्हणतो. आषाढ-श्रावणातले हे दिवस परत आले की मला खोबरेल कढवल्याचा वास यायला लागतो, घरात नारळ फोडलेला नसला तरी.

रत्नागिरीत माझं दोन खुर्च्यांचं पार्लर आहे. मेमध्ये लग्नाच्या नवऱ्या, गणपतीच्या आधी मुंबईकरणी, आणि मधल्या या पावसात सगळ्या केसवाल्या. दारात छत्री झटकतात आणि बसायच्या आत पर्समधून कागदाची पुडी काढतात. पुडीत गुंतवळ. "बघा हो निमाताई, एका आंघोळीत एवढे!" जसं काही मी पंचनाम्यालाच बसलेय. मी पण इमानदारीत ती गुंतवळ उजेडात धरते. टोकाला बारीकसा पांढरा गड्डा असला तर केस मुळातून गळलेला, नसला तर मधेच तुटलेला. बघावं तर बहुतेक तुटलेलेच. मग माझं नेहमीचं भाषण सुरू होतं. ओल्या केसांत फणी घालू नका. गुंता टोकाकडून सोडवत वर या, वरून ओरबाडत खाली येऊ नका. टॉवेलनं भांडी घासल्यासारखं डोकं घासू नका. ओल्या केसांचा करकचून अंबाडा बांधून दिवसभर ऑफिसात बसू नका, कुबट वास येतो तो येतो, वर मुळं ढिली होतात. "ते सगळं करते हो, पण वाढायला काय लावू?" अगो बाई, वाढायला काय लावायचं? केस आपले आपण वाढतच असतात. आपण तोडायचे थांबलो की दिसायला लागतात. हे कुणालाच आवडत नाही. सगळ्यांना बाटली हवी असते. मग मीही एक बाटली देते, मलाही पोट आहे.

गेल्या आठवड्यात माझी भाची तन्वी आली. दादाची मुलगी. बारावी झाली, आता शिकायला पुण्याला चाललीय. तिकडच्या पाण्यानं केस जातात म्हणून हिनं आत्तापासूनच धसका घेतलाय. हातात एक गुळगुळीत गुलाबी अभ्रा.

"आत्या, हा सॅटिनचा. ऑनलाइन मागवला. यावर झोपलं की केस घासत नाहीत, तुटत नाहीत. तुला माहीत होतं?"

"मला नव्हतं. तुझ्या आजीला होतं."

"पूर्णगडच्या?"

"नाय गो, देवरुखच्या."

ती हसलीच. देवरुखच्या आजीनं जन्मात कधी उशी घेतली नाही, हाताची उशी करून झोपली, तिला कुठलं सॅटिन! मी म्हटलं, हस. आधी बस खाली, डोक्याला तेल लावते, मग सांगते.

वहिनी, म्हणजे तन्वीची आई, आमच्या घरात आली तेव्हा मी आठवीत होते. दादा देवरुखला एका गॅरेजात कामाला होता, वहिनी तिथल्या कॉलेजात शिकत होती, पुढचं तुम्ही समजलात. दोन्ही घरांना न विचारता देवळात माळा घातल्या आणि संध्याकाळच्या एसटीनं दोघं पूर्णगडला उतरली. आईनं आधी कपाळाला हात लावला आणि मग तोच हात पुसून भाकरतुकडा ओवाळायला घेतलान. त्या संध्याकाळचं मला बाकी फारसं आठवत नाही. एक मात्र लख्ख आठवतं. माप ओलांडायला वहिनी वाकली आणि तिची वेणी खांद्यावरून पुढे घसरली ती थेट मापातल्या तांदळांत जाऊन पडली.

"अगो, हे केस का दोर?" शेजारची भागीकाकी ओरडली.

वहिनीचं तोंड उतरलं. तिला काय ठाऊक, आमच्याकडे दोर म्हणजे कौतुक. होडी ज्याच्या भरवशावर राहते तो दोर.

ते केस तिच्या आईनं वाढवलेले. देवरुखच्या पुढे डोंगराच्या पोटात त्यांचं गाव, थोडी भातशेती, वडील मुंबईत कामाला. घरात लागेल ते सगळं त्या बाईच्या डोक्यावरून यायचं. गवताचे भारे, लाकडाच्या मोळ्या, पाण्याचे हंडे. पण मुलीच्या डोक्यावर तिनं कधी काडी ठेवू दिली नाही. "तू पुस्तक धर हातात," म्हणायची, "डोक्याचं माझं मी बघते." दर रविवारी शिकेकाई उकळायची, जास्वंदीची पानं वाटायची, न्हाऊ घालून केस मोकळे सोडायची आणि वाळेपर्यंत बाजूला बसून राहायची. वहिनी हे सांगायला लागली की तिचा हात आपोआप वेणीवर जायचा.

तर अशा आईनं लग्नाचं कळल्यावर एकच निरोप धाडला. वहिनीच्या काकांनी तो दादाला फोनवर सांगितला आणि दादानं शहाण्यासारखा तसाच्या तसा वहिनीला ऐकवला. "त्या दर्यावरल्या घरात तिच्या डोक्यावर पाटी येणार. आणि हे केस गेले, की मला तोंड दाखवायला येऊ नको म्हणावं." त्यानंतर वर्षभर काही नाही. गणपतीत नाही, दिवाळीत नाही. दादाचा फोन वाजला की वहिनी चुलीपुढनं मान वळवायची आणि परत भाकरी थापायला लागायची.

आणि पाटी आलीच. कुणी दिली नाही हो, तिनं स्वतः घेतली. दिवाळीनंतर आईच्या कंबरेत उसण भरली, ती उठता उठेना. बाबा होडीचे तांडेल, पहाटे म्हावरं घेऊन यायचे ते विकायचं कुणी? दादा तोवर रत्नागिरीत नोकरीला लागला होता. तीन दिवस भागीकाकीनं आमचं म्हावरं स्वतःच्या पाटीत नेलंन. चौथ्या दिवशी वहिनीनं पदर खोचला. आई अंथरुणातनं ओरडली, "तू नको गो, तुला सवय नाय." वहिनी म्हणाली, "होईल."

चूक झाली ती इथं. डोक्यावर पाटी घ्यायची तर खाली चुंबळ लागते, जुन्या लुगड्याचं वेटोळं. ते वहिनीला ठाऊक होतं. पण आमच्या घरची चुंबळ वापरून वापरून दगडासारखी झालेली, तिला टोचायची. मग तिनं काय केलंन, एवढे डोकंभर केस आहेत तर त्यांचाच टाळूवर अंबाडा घातलान, पक्का, पिळून, आणि त्यावर पाटी ठेवलीन. केसांचीच चुंबळ! पाटी हलेना, बोचेना. बाजारातल्या बायका तोंडात बोट घालायला लागल्या. "सुरेखाला चुंबळ नको, देवानंच दिलीय!" वहिनी खूश. पहिल्यांदाच या गावानं तिच्या कुठल्या गोष्टीला शाबास म्हटलं होतं. मीही शाळेत मिरवलं.

दगडी पायऱ्यांची पाखाडी चढायची, वरच्या वाड्या फिरायच्या. ऊन, घाम, पाटीतनं निथळणारं खारं पाणी, आणि वर भाराचं वजन त्या पिळलेल्या केसांवर. पाऊल टाकलं की पाटी जराशी सरकते, दर पावलाला खालचे केस घासतात. आता माझ्या खुर्चीत कुणी असलं डोकं घेऊन बसली तर मी किंचाळेन. तेव्हा आम्ही सगळे बघत होतो आणि कुणालाच दिसलं नाही. आमच्यातल्या कुणाकडे एवढे केसच नव्हते, तर ही चूक करणार कोण आणि ओळखणार कोण?

बंदी लागली. होड्या वर आल्या, पाट्या पडवीत उलट्या पडल्या. त्या पहिल्या निवांत दुपारी वहिनी पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "निमे, विंचर गो जरा, हात दुखतात माझे." मी अंबाडा सोडला. फणी फिरवली आणि केसांचे तुकडे माझ्या मांडीवर पडायला लागले. लांब केस नव्हेत, वीतभर, बोटभर तुकडे. आणि टाळूवर, जिथे रोज पाटी बसायची, तिथे पुरीएवढी जागा. अगदी उघडी नाही, पण केसांचे खुंट राहिलेले, भात कापल्यावर शेतात राहतात तसे.

माझी फणी थांबली. तिनं विचारलं, "काय गो?" मला खोटं बोलता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. तिनं हात वर नेला आणि तिथंच ठेवला.

त्याच आठवड्यात काकांचा फोन आला. "वहिनीला वाटतं पोरीनं नागपंचमीला यावं." म्हणजे आमच्या वहिनीच्या आईला. वर्षभरानं! दादानं फोन ठेवला आणि नाचायचाच बाकी राहिला. वहिनी हसली, डोळे पुसलेन, देवाला साखर ठेवलीन. आणि दिवेलागणीला मी परसात गेले तर माडाला टेकून उभी, हात परत टाळूवर.

"पदर घे ना डोक्यावरनं," मी म्हटलं.

"आई आधी डोक्यालाच हात लावेल, निमे. जवळ घेते तीच तशी." मग म्हणाली, "मला ओरडली तर चालेल. पण तिला वाटेल तुम्ही माझे हाल केलेत. परत कधी नाय बोलावणार."

हे मी आईला सांगितलं. चुगली म्हणा हवं तर. आई तशीच कंबरेवर हात ठेवून उठली, वहिनीच्या मागे जाऊन उभी राहिली, पदर बाजूला केलान आणि बराच वेळ बघत राहिली. "माझी पाटी गो ही," एवढंच म्हणाली. मग तिचा आवाज एकदम चढला, तिला वाईट वाटलं की ती ओरडते. "आता नागपंचमीपर्यंत हे डोकं माझं. कोण काय सांगेल ते ऐकायचं नाय. मी सांगेन तेच करायचं."

ते दिवस मला अजून वासांनी आठवतात. आई नारळ खोवायची, मी दूध पिळायची. मंद विस्तवावर ते दूध कढत राहायचं, आधी पांढरं, मग पिवळट, मग खाली तपकिरी चोथा आणि वर नितळ तेल. चोथा गूळ घालून माझ्या वाटणीला. तेलात माका, जास्वंदीची फुलं. आई ते कोमट करून बोटांच्या पेरांनी लावायची, चोळायची नाही. "रगडलंस तर आहेत ते पण तुटतील," हे तिचं मला सारखं. वेणी नाही, अंबाडा नाही, नुसता सैल शेपटा.

पण पावसात केस वाळवायचे कसे? आठ-आठ दिवस ऊन नाही, आणि वहिनीचे केस म्हणजे भिजलेली घोंगडी. आमच्याकडे बाळंतिणीचे वाळवतात तसे आई वाळवायची. धुपाटण्यात निखारे, वर चिमूटभर धूप, त्यावर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घालायचं आणि वहिनीनं शेजारी आडवं पडून केस त्या डालग्यावर पसरायचे. आई मध्ये हात घालून बसायची. तिच्या हाताला चटका लागला की निखारे कमी करायचे. बाहेर धो धो पाऊस, पडवीत कोंबड्या अंग फुलवून बसलेल्या, आणि धुपाच्या धुरात वहिनी डोळे मिटून पडलेली. तिला माहेरी असल्यासारखंच वाटायचं. मला मध्येच म्हणाली, "तुझी आई पण बसून राहते गो वाळेपर्यंत."

गावात असल्या गोष्टी लपतात होय! भागीकाकी कांद्याचा रस घेऊन आली, आईनं तो कालवणात घातलान. कुणी मेथी सांगितली, कुणी कोरफड, कुणी अंगारा. आईनं कोरफडीला तेवढी परवानगी दिली. हिरवट गर घेऊन मी रोज ती पुरीएवढी जागा माखायची आणि रोज वाकून बघायची, आलं का काही. नववीतल्या पोरीचा धीर तो केवढा! आई म्हणायची, "पेरल्या पेरल्या उकरून बघू नको."

आणि मग बाबा. बाबा घरात कमी बोलत, सुनेशी तर नाहीच. तिला काही सांगायचं असलं तर आईकडे बघून किंवा खांबाकडे बघून सांगायचे. बंदीत त्यांचं एकच काम, होडी. फळ्या खरवडायच्या, फटी बुजवायच्या आणि लाकडाला तेल पाजायचं. ते तेल मुशीच्या काळजाचं, म्हणजे माशाचंच, घरी कढवलेलं, डब्यात वर्षानुवर्षं मुरलेलं. त्याचा वास मी लिहून सांगू शकत नाही. एवढंच सांगते की त्या डब्याला मांजरंसुद्धा लांबून वळसा घालत.

एका सकाळी बाबा भिजून घरी आले आणि काचेची एक बाटली पायरीवर ठेवलीन. खांबाकडे तोंड करून म्हणाले, "माझ्या बापाशीच्या वेळची होडी हाय. खाऱ्या पाण्यात जलम गेला तिचा. एक फळी कुजली नाय की फुटली नाय. सांग तिला, लावून बघायला." आणि आमच्या तोंडाकडे न बघता परत पावसात चालते झाले.

मी आणि आई एकमेकींकडे बघतोय. आईचे खांदे हलायला लागले. "या माणसाला काय म्हणावं! सून म्हणजे काय फळी हाय?" मला तर हसून उभं राहवेना. वहिनी मात्र हसली नाही. बाटली उचललीन, बूच काढलंन, वासानं डोळ्यांत पाणी आलं.

"अगो नको लावू," आई घाबरून म्हणाली, "मी सांगते त्यांना, लावलंन म्हणून."

"बाबांनी दिलंय," वहिनी म्हणाली. "त्यांच्याजवळ चांगलं होतं ते दिलंय."

आणि लावलंन हो! त्या पुरीएवढ्या जागेला, बोटानं, निगुतीनं. दुपारी बाबा जेवायला बसले, वहिनी वाढायला वाकली, बाबांनी एक खोल श्वास घेतला आणि खांबाला म्हणाले, "बरं केलंन." तेव्हा मात्र वहिनी हसली. वाटी हातातनं पडेपर्यंत हसली, आई हसली, बाबा पण मिशीत हसले. आमच्या घरात वर्षभर जपून पावलं टाकणारी ती बाई त्या दिवशी पहिल्यांदा घरातल्यासारखी हसली.

पुढे रिठे झाले, शिकेकाई झाली, लिंबू झालं, बेसन झालं. वास जाईना. वाळले की गेल्यासारखा वाटे, दमट हवा लागली की परत हजर.

तन्वीनं इथं मला थांबवलं. "ई! आई हे कधी बोलली नाही." मी म्हटलं, तुझी आई कशाला सांगेल? तुम्ही तिला आजकाल विचारता तरी काय, चार्जर कुठं आहे याच्यापलीकडे? मी तन्वीच्या केसांतला गुंता टोकाकडून सोडवत होते. हिचे केस आईवर गेलेत, दाट, पण सारखे घट्ट वर बांधून कपाळाकडे विरळ झालेत. प्रत्येक पिढीला आपली चुंबळ सापडतेच बहुतेक.

श्रावण लागला. टाळूवर मऊ, बोटभरही नसलेले केस उभे राहायला लागले होते. मला कोण आनंद! पण ते नवे केस आजूबाजूच्या लांब केसांत उठून दिसत, उलट जागा जास्तच ओळखू यायची. वहिनीनं वरून केस घेऊन झाकून पाहिलं, वर अबोलीचा वळेसर माळून पाहिला. निघायच्या आदल्या दिवशी म्हणाली, "मी नाय जात." आईनं ऐकलं नाही. तिनं मला पाठराखीण म्हणून बरोबर दिलंन, हातात नारळ, सुके बांगडे आणि मला दम, "तिकडे तोंड बंद ठेव."

एसटीत खिडक्यांतून पाऊस आत येत होता. देवरुखच्या वाटेवर कुठंतरी पुढच्या बाकावरच्या म्हातारबुवांनी वाकून बाकाखाली पाहिलं, मग आमच्या पिशवीकडे, मग कंडक्टरकडे. "कुणी ओलं म्हावरं ठेवलंय काय हो?" वहिनीनं पदर डोक्यावर घट्ट ओढला. मी खिडकीबाहेर बघत राहिले, हसायला आलं असतं तर तिथंच उतरवलं असतं तिनं मला.

तिची आई दारात उभी होती. बारकी, काळीसावळी, डोक्यावरनं पदर. तिनं भाकरतुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं, "आलीस" म्हणाली. जवळ घेतलं नाही. माझ्या गालाला हात लावला, वहिनीला नाही. दुसऱ्या दिवशी नागपंचमी. नाग पुजला, हळदीच्या पानातल्या पातोळ्या झाल्या, शेजारच्या बायका आल्या, झिम्मा झाला. वहिनी डोक्यावरचा पदर सांभाळत एका बाजूला. आई-लेक एकमेकींशी पातोळ्यांवरच बोलत होत्या. मीठ पुरे काय, पान करपलं काय.

दुपारी बायका गेल्या. वहिनीची आई वाटीत तेल घेऊन आली, पायरीवर बसली आणि म्हणाली, "बस."

वहिनी बसली. पदर खाली आला, शेपटा सुटला. मी तुळशीकडे बघायला लागले. तेलाची बोटं कानामागून वर सरकत गेली, आणि टाळूवर थांबली. किती वेळ कोण जाणे. पागोळ्या पडत होत्या. मग तिनं वाकून वास घेतला.

"हा वास कसला?"

माझ्या आईनं मला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं, पण मला राहवेना. "होडीचं तेल," मी म्हटलं. "आमच्या बाबांनी दिलंन. होडीला लावतात ते. आमची होडी कधी कुजत नाय, म्हणून." मग मी सगळंच सांगून टाकलं. आईची कंबर, डालगं, धूप, कांद्याचं कालवण, मांजरं, सगळं. बोलता बोलता माझाच आवाज रडवेला झाला. "आम्ही तिचे हाल नाय केले. तिनं केसांचीच चुंबळ केलीन, आम्हाला कळलंच नाय."

वहिनीच्या आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. बघते तर हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "होडीचं तेल!" म्हणाली. "व्याह्यांना अक्कल नाय. पण माया हाय गो, सुरे."

वर्षभरानं तिनं नावानं हाक मारली. वहिनी तिच्या मांडीत तोंड घालून हुंदक्यांनी रडायला लागली. "आई, केस गेले गो. तू सांगितलेलंस तसंच झालं."

"केसांची चुंबळ," ती पुटपुटली. मग स्वतःचा पदर मागे सारला आणि वहिनीचा हात धरून आपल्या टाळूवर ठेवला. तिथं जागा होती. पुरीएवढी नाही, तळहाताएवढी, गुळगुळीत. तिथं आता काही उगवणार नव्हतं. वहिनीनं ती जन्मापासून पाहिली होती आणि एकदाही विचारलं नव्हतं. आयांना केस कमीच असतात, असंच आपण धरून चालतो.

"तुझ्यासारखेच होते," ती म्हणाली. "भारा टोचू नये म्हणून मी पण तेच केलेलं."

नागपंचमीला चिरायचं-कापायचं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला कात्रीच्या आवाजानं जाग आली. वहिनीची आई ट्रंक उघडून बसली होती, मांडीवर हिरवा रेशमी शालू. तिच्या लग्नातला. लेक यातच उभी राहील म्हणून ठेवलेला, आणि लेक देवळात साध्या साडीवर लग्न करून मोकळी झाली. नेसल्यावर कंबरेत आत जातो तो पट्टा तिनं सरळ कापून काढला. त्याची घडी घातली, आत कापूस भरला, वेटोळं केलं आणि बारीक टाके घालत बसली. उरलेला शालू वहिनीच्या पिशवीत भरला. "कापलेला भाग आत जातो. दिसणार नाय," म्हणाली.

ती चुंबळ वहिनीनं पुढे कित्येक वर्षं वापरली. नारळी पुनवेनंतर होड्या पाण्यात गेल्या आणि वहिनी परत पाटी घेऊन पाखाडी चढायला लागली. डोक्यावर हिरवं रेशीम बघून बाजारातल्या बायका म्हणायच्या, सुरेखा म्हावरं विकायला जाते का वरातीत? आता ती बाजारात ओट्यावर बसते, म्हावरं टेम्पोनं येतं. तिचे केस परत गुडघ्यापर्यंत काही आले नाहीत, कंबरेपर्यंत आले. टाळूवरचे भरले. चुंबळ ट्रंकेत आहे, नाकाशी धरली तर होडीच्या तेलाचा वास अजून येतो.

"म्हणजे आजीला माहीत होतं," तन्वी म्हणाली, "रेशमानं केस तुटत नाहीत ते." तिनं तो गुलाबी अभ्रा मांडीवर घेतला होता आणि त्यावरनं हात फिरवत होती.

"माहीत होतं," मी म्हटलं.

त्या नागपंचमीनंतर आम्ही परत निघालो तेव्हा वहिनीची आई आम्हाला पोचवायला देवरुखच्या स्टँडपर्यंत आली होती. गाडी लागली, माणसं चढायला लागली, आणि तिनं मध्येच वहिनीला थांबवलं. पिशवीतनं चुंबळ काढली, तिथंच, सगळ्या माणसांसमोर, वहिनीच्या डोक्यावर ठेवली, जराशी सरकवली, परत सरकवली, नीट बसेपर्यंत. कंडक्टर घंटा मारत होता.

"पाटी घेशील तेव्हा अंबाडा खाली घाल, मानेवर," ती म्हणाली. "टाळू मोकळी ठेव. रोज ही घे, नवी आहे म्हणून ठेवून देऊ नको." मग चुंबळ काढून वहिनीच्या हातात दिली. "मला कोण सांगणारं नव्हतं गो."